मानवी हक्कांच्या इतिहासाच्या संग्रहालयाला कारखान्याने साथ द्यायची, तर नेमकी कशी?

शिरोली_मोल्डिंग

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची धातू ओतकामाची मध्यम फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड, माणसं साधारण नव्वद. राजर्षी शाहूंच्या काळातले समतेचे निर्णय, वेठ आणि हजेरी (गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोज द्यावी लागणारी) बंद होणं, वेगवेगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची बोर्डिंगं, अस्पृश्यांची माणगाव परिषद असा सगळा इतिहास मांडणारं एक छोटं संग्रहालय जिल्ह्यातला एक नोंदणीकृत न्यास उभारतोय. त्यांच्याबरोबर काहीतरी करायचं हे नक्की आहे. पण आमच्याकडे तीन मतं पडली: एकरकमी देणगी द्यावी, एक दालन पूर्ण करून त्याला कंपनीचं नाव घ्यावं, किंवा पैशाऐवजी कास्टिंग-फॅब्रिकेशनचं काम करून द्यावं. निव्वळ नफा पाच कोटींच्या आत आहे, त्यामुळे सीएसआरची (कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाची) सक्ती नाही. करात काय बसतं, जीएसटी कुठे आडवा येतो, वस्तू कोणत्या उपयोगी पडतात आणि लेखी काय ठरवावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

ताळेबंद

आधी एकच गोष्ट ठरवा: हे दान आहे की जाहिरात? दोन्ही चालतं. पण एकाच पैशाला दोन्ही नावं दिली की मार खाता.

दान असेल तर न्यासाकडे ८०जीची (देणगीदाराला आयकरात वजावट देणाऱ्या कलमाची) चालू मान्यता आहे का ते बघा. पावती पुरत नाही, आयकर पोर्टलवरून निघणारं देणगी प्रमाणपत्र मागा. दोन हजारांवर रोख दिलं तर वजावट नाही. आता मुख्य मुद्दा, जो बैठकीत कोणी काढत नाही. तुमची कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराने कर भरत असेल, तर ८०जीची वजावट तुम्हाला मिळतच नाही. म्हणजे "अर्धे पैसे करात सुटतील" हे गणित तिथेच संपलं. आणि वस्तू किंवा काम दिलंत तर दर कोणताही असो, ८०जी नाही. ती फक्त पैशाच्या देणगीला आहे.

वस्तू फुकट देताना जीएसटीतही खड्डा आहे. ज्या कच्च्या मालावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलंय, तो माल दान म्हणून बाहेर गेला की ते क्रेडिट उलटवावं लागतं. ज्या महिन्यात माल गेला त्याच महिन्यात उलटवा. नंतर तपासणीत निघालं तर व्याज बसतं.

जाहिरात म्हणून द्यायचं असेल तर सरळ प्रायोजकत्वाचा करार करा. खर्च धंद्याचा म्हणून दाखवता येतो. जीएसटी १८ टक्के, आणि प्रायोजक कंपनी व घेणारा न्यास असेल तेव्हा तो सहसा रिव्हर्स चार्जने कंपनीनेच भरायचा असतो. पुढे क्रेडिट मिळतं. तुमच्यासारख्या २२ टक्केवाल्यांना हा रस्ता कधी कधी दानापेक्षा स्वस्त पडतो.

या दोहोंतली सीमा पाटीवर ठरते. "अमुक कंपनीच्या सौजन्याने" एवढंच कृतज्ञतेपोटी लिहिलं, धंद्याचा प्रचार नाही, तर ती देणगीच राहते. लोगोखाली "दर्जेदार कास्टिंगसाठी संपर्क" आणि मोबाईल नंबर आला की ती जाहिरात झाली, मग पावतीवर देणगी लिहिलेलं असो वा नसो.

रकमेलाही मर्यादा आहे. धर्मादाय देणग्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांच्या वर जाणार असतील तर कंपनी कायद्याच्या कलम १८१ प्रमाणे आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. संचालक मंडळाचा ठराव पुरत नाही.

शेजारच्या मोठ्या कारखान्यांना सोबत घेणार असाल, तर त्यांचं वेगळं आहे. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं काहीही एक गाठलं की सीएसआर लागू, सरासरी नफ्याच्या २ टक्के. ऐतिहासिक वास्तू, कला, संस्कृती, वाचनालय हे कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये (सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत) बसतं. पण न्यासाकडे सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची), १२ए (न्यासाच्या आयकर सवलतीची नोंदणी), ८०जी आणि किमान तीन वर्षांचं काम दाखवता आलं पाहिजे. नव्या न्यासाची गाडी इथेच अडते. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, ती पात्र न्यासाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर जाते. आणि आपल्या मालाची जाहिरात करणारं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. मार्चअखेरीला घाईने चेक फाडणारे नेमके हेच विसरतात.

दप्तरखाना

पैशाचं वर आलंच आहे. फाउंड्रीने काय द्यावं ते सांगतो.

पहिलं, हाताने वाचता येणारी कास्टिंगं. दृष्टिहीन माणसासाठी काचेमागचा कागद असून नसल्यासारखा. जुन्या कोल्हापुरातल्या बोर्डिंगांचा उठावाचा नकाशा, १९०२ च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्यावरच्या शिक्क्याची मोठी प्रतिकृती, माणगावची जागा दाखवणारा फलक, हे तुमच्या हातातलं काम आहे. बीड (ओतीव लोखंड) टाळा. घामट हातांनी ते गंजतं आणि वजन परवडत नाही: ६०० गुणिले ४०० गुणिले १२ मिमीची प्लेट बिडात साधारण २१ किलो भरते, अॅल्युमिनियमात ८ किलोच्या आत. एलएम६ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू घ्या, सिलिकॉन जास्त असल्यामुळे बारीक उठाव नीट भरतो आणि गंजाला दाद देत नाही. उठाव किमान १ ते दीड मिमी, कडा गोल, शॉट ब्लास्टनंतर (छर्‍यांच्या माऱ्याने साफ केल्यावर) हात फिरवून बघायचं, कुठेही टोचता कामा नये. एका फलकावर चार-पाच गोष्टींपेक्षा जास्त कोंबू नका, बोटाला गर्दी कळत नाही.

ब्रेल मात्र वाळूच्या साच्यात ओतायला जाऊ नका. ठिपका जेमतेम अर्धा मिमी उंच आणि दोन ठिपक्यांतलं अंतर अडीच मिमी असतं. वाळूत काही ठिपके भरत नाहीत, काही फुगतात, वर आकुंचनाने अंतर बदलतं, आणि मग ओळ वाचताच येत नाही. ब्रेलची पट्टी वेगळी करून घ्या आणि फलकावर बसवा. मजकूर भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये), आणि पॅटर्न (साचा ज्यावरून करतात तो नमुना) पक्का होण्याआधी ब्रेल वाचणाऱ्या दोघा-तिघांकडून कागदावर तपासून घ्या. धातूत चूक दुरुस्त होत नाही.

दुसरं, रॅक. पावडर कोटिंग केलेलं लोखंड, पूर्ण भाजलेलं आणि तेलाचा ओशटपणा काढलेलं. प्लायवूड आणि एमडीएफ स्वस्त पडतं म्हणून लोक देतात. त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा जुना कागद पिवळा करतात आणि फोटो खातात. सर्वात खालचा कप्पा जमिनीपासून किमान १५ सेंमी वर. कसबा बावडा, नदीकाठ, सखल पेठ अशा भागात दप्तर (जुनी कागदपत्रं) तळमजल्यावर ठेवूच नये. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराचा इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना धरतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं हे इथे कोणाला सांगायला नको. वरच्या मजल्यावर कागद चढवायचा तर स्लॅब किती भार घेतो हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. भरलेलं रॅक लोकांना वाटतं त्याच्या कितीतरी जड असतं.

तिसरं, हवा आणि उजेड. दानशूरांना एसी द्यायला आवडतं. दिवसा चालू आणि रात्री बंद असा एसी नसलेला बरा. पावसाळ्यात थंड झालेल्या खोलीत दमट हवा शिरली की कागदावर ओल धरते आणि आठवड्यात बुरशी. डिह्युमिडिफायर चोवीस तास आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आत, एवढं साधलं तरी अर्धी लढाई जिंकली. कागद आणि कापडावर उजेड ५० लक्स, तोही एलईडीचा, आणि माणूस समोर नसताना बंद. मूळ कागद तीन-चार महिन्यांनी काढून त्या जागी प्रत लावावी.

यंत्राला हार घालून फोटो काढणारे पुष्कळ, पाच वर्षं वीजबिल आणि देखभालीचा करार उचलणारे थोडे. तुम्ही दुसऱ्या गटात गेलात तर न्यासाची माणसं जन्मभर नाव घेतील.

दप्तर बरंचसं मोडीत असणार. आयटीवाले "स्कॅन करून देतो" म्हणतात. स्कॅनिंग त्या मानाने सोपं: चारशे-सहाशे डीपीआय, मूळ फाइल टिफ, दोन प्रती दोन वेगळ्या जागी. खरा पैसा आणि वेळ लिप्यंतराला आणि सूचीला लागतो. सूची नसलेले दहा हजार स्कॅन म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. मदत मागताना मोडी वाचकाचं मानधन स्वतंत्र ओळीत टाकायला सांगा, नाहीतर ते सगळ्यात आधी कापलं जातं.

इचलकरंजी_सूत

दप्तर आणि जुनी वस्त्रं गुंडाळायला आमच्याकडचं ग्रे कापड (मागावरून उतरलेलं, प्रक्रिया न केलेलं) पुष्कळजण देतात. भावना चांगली, पण ग्रे कापडात ताण्याला लावलेली खळ असते. ती स्टार्चची असली की झुरळं, सिल्व्हर फिश जेवायलाच बसतात. प्रोसेसमधून खळ काढून, नंतर ब्लिच, ब्राइटनर, सॉफ्टनर काहीही न लावता नुसत्या पाण्यात धुतलेलं सुती कापड द्या. पाण्याचा थेंब टाकून बघायचा, लगेच शोषला तर खळ गेली. रंगीत कापड नको, दमटपणात रंग उतरतो.

शिरोली_मोल्डिंग

फार उपयोगी. आमचं २२ टक्केवालंच आहे, म्हणजे दानाचा कराचा हिशोब बाजूला. आता दालनाला नाव घेण्याचं काय? एक संचालक त्यावर अडून आहेत. आणि कामगारांना यात कसं आणावं?

माणगाव_फाटा

नावावर आधी बोलतो, कारण भांडणं तिथेच होतात.

अशा संग्रहालयाचा विषय हक्कांचा आहे, त्यामुळे देणाऱ्याचं वागणं आपोआप प्रदर्शनाचा भाग होतं. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०२१ मध्ये आपल्या दालनांवरून सॅकलर कुटुंबाचं नाव काढलं, कारण त्यांच्या औषधाच्या धंद्याने अमेरिकेत माजवलेला अनर्थ. भोपाळच्या वायुपीडितांच्या संग्रहालयाने तर सरकार आणि कंपन्यांचा पैसा घ्यायचाच नाही असं ठरवलं. त्यामुळे न्यासाने तुम्हाला काही कागद मागितले तर राग मानू नका: कंत्राटी कामगारांच्या किमान वेतनाच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचे चलन, दहा किंवा जास्त माणसं असल्यामुळे लागणारी लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती, चालू असलेले कामगार खटले. उलट ते स्वतःहून द्या. वेठ बंद झाल्याचा फलक ज्याच्या सौजन्याने, त्याच्या गेटवर ओव्हरटाइमचा वाद, ही बातमी कोणालाच परवडणार नाही.

कायमचं नाव मागू नका. पाच वर्षं, फार तर दहा, आणि ते दालनाच्या माथ्यावर नाही तर बाहेर पडताना एका पाटीवर. नाव कोणत्या कारणाने काढता येईल हे करारात आधीच लिहा, रक्कम परत मागता येणार नाही हेही.

मजकुरावर तुमचा अधिकार शून्य. हे वाक्य जसंच्या तसं करारात आलं पाहिजे. भीती खोटी नाही. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांना ५० टक्के जागा राखल्या. असा फलक मंजुरीला कंपनीकडे गेला की कोणीतरी म्हणतं, "आरक्षण शब्द नको, सामाजिक सलोखा लिहा." तिथे इतिहास संपतो आणि शुभेच्छापत्र सुरू होतं. फलक अभ्यासकांची समिती ठरवेल, कंपनीला उद्घाटनाआधी फक्त माहितीसाठी दाखवला जाईल, एवढंच ठेवा. हॉटेलवाल्यांसाठी जाता जाता: संग्रहालयाचं चहाचं दुकान चालवायला कोणी पुढे येत असेल, तर कोल्हापुरातल्या भाऊसिंगजी रोडवरच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलचा फलक तिथे हवा. शाहू महाराज तिथला चहा घेत, तोही चारचौघांसमोर. पण त्या फलकाशेजारी चहाच्या ब्रँडचा बोर्ड नको.

करारात आणखी: टप्प्याने पैसे (काम सुरू, दालन तयार, एक वर्ष चालू), दिलेल्या वस्तूंची यादी आणि मालकी, पाच वर्षांची देखभाल कोणाकडे, स्कॅनचे हक्क न्यासाकडे. कास्टिंगचे पॅटर्न कुठे राहतील तेही लिहा. फलक फुटला तर पुन्हा ओतायला पॅटर्न लागतो, आणि तीन वर्षांनी तो कोणाला सापडत नाही.

कामगारांचं. रविवारी "सहल" काढू नका, सुट्टीचा दिवस खाल्ला की माणूस आधीच चिडलेला येतो. पगारी अर्धा दिवस, एका गटात पंचवीसच्या आत, शिफ्ट संपल्यावर नाही तर शिफ्टच्या ऐवजी. कंत्राटी माणसं वगळलीत तर सगळं फुकट. पर्यवेक्षक आणि हेल्पर एकाच गटात ठेवा. न्यासाकडून कामगारासाठी वेगळी फेरी मागा: वेठ, महार वतन (गावकीची कामं वंशपरंपरेने लादणारं), हजेरी, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीवाल्यांना माणगाव जवळच आहे, ते त्याच फेरीत जोडता येतं.

शाळांच्या बसचा खर्च उचलणं हा सर्वात स्वस्त आणि सर्वात कमी वापरलेला मार्ग. शालेय सहलींना एसटी सवलत देते, उरलेला निम्मा तुम्ही द्या. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या शाळा घ्या, शहरातल्या शाळा पोहोचतातच. मुख्याध्यापकांना शिक्षण विभागाची परवानगी काढायला वेळ लागतो, तेव्हा पत्र दिवाळीआधी जायला हवं.

तारखेचं लक्षात ठेवा. २६ जून (शाहू जयंती), ६ मे (शाहू स्मृतिदिन), १४ एप्रिल (आंबेडकर जयंती), २६ नोव्हेंबर (संविधान दिन) या दिवशी न्यासाकडे आधीच गर्दी असते आणि प्रत्येक प्रायोजकाला तोच दिवस हवा असतो. २१-२२ मार्च हे माणगाव परिषदेचे दिवस, १९२० मधले. तेव्हा शहरात तुलनेने शांतता असते, पण शाळांच्या परीक्षा आणि तुमची मार्चअखेर, दोन्ही तिथेच येतात. पहिल्या वर्षी १० डिसेंबर घ्या, मानवी हक्क दिन. हवा कोरडी असते, दप्तर बाहेर काढता येतं, आणि कारखान्यात ऑर्डरचा ताणही बरा असतो.

ताळेबंद

एक राहिलं. काम करून देणार असाल तर त्याचं मूल्य ठरवून न्यासाच्या लेटरहेडवर पोहोच घ्या, डिलिव्हरी चलन सोबत जोडा. न्यासाला धर्मादाय कार्यालयात जमाखर्च दाखवताना ते लागतं, आणि तुमच्याकडे उलटवलेल्या क्रेडिटचा हिशोब त्याच कागदाला जुळला पाहिजे.