‘ज्येष्ठ’, ‘वरिष्ठ’ आणि अमेरिकेच्या पहिल्या सिनेटमधील क्रम

प्रश्न

अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसविषयीच्या एका मराठी लेखाचे संपादन सध्या माझ्याकडे आहे. सिनेटच्या आजवरच्या सर्व सदस्यांची जी कालानुक्रमिक यादी आहे, तिच्यात पहिले नाव डेलावेअर राज्याच्या रिचर्ड बॅसेट यांचे आहे. त्यावरून लेखकाने त्यांना ‘पहिल्या सिनेटमधील सर्वांत वरिष्ठ सदस्य’ म्हटले आहे. पुढच्या परिच्छेदात तेच ‘सर्वांत ज्येष्ठ’ होतात आणि एका ठिकाणी ‘सर्वांत अनुभवी’ही होतात. माझ्या शंका दोन आहेत. या तीन शब्दांपैकी येथे कोणता चालेल? आणि ज्या सभागृहाचे जवळजवळ सगळे सदस्य एकाच दिवसापासून सदस्य मानले गेले, तेथे कोणी कोणापेक्षा ज्येष्ठ कसा ठरतो? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

‘अनुभवी’ हा शब्द आपण निःशंकपणे काढून टाकावा. तो गुण सांगतो, क्रम सांगत नाही. उरलेल्या दोन शब्दांत मराठीने, विशेषतः कचेरीतल्या मराठीने, बऱ्यापैकी स्पष्ट वाटणी करून ठेवली आहे. ‘वरिष्ठ’ हा पदाच्या उतरंडीतला शब्द आहे. वरिष्ठ लिपिक आणि कनिष्ठ लिपिक ही दोन वेगळी पदे आहेत, त्यांची वेतनश्रेणी वेगळी असते, आणि ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ असे म्हणणारा माणूस स्वतःच्या डोक्यावरच्या अधिकाऱ्याबद्दल बोलत असतो, मग तो अधिकारी वयाने लहान का असेना. ‘ज्येष्ठ’ या शब्दात आधी येण्याचा भाव आहे. एकाच पदावरच्या दोन कर्मचाऱ्यांत जो आधी रुजू झाला तो ज्येष्ठ. म्हणून आपल्याकडे ‘सेवाज्येष्ठता यादी’ असते, ‘सेवावरिष्ठता यादी’ नसते, आणि बढतीत अन्याय झाला की ‘सेवाज्येष्ठता डावलली’ अशीच तक्रार होते. हिंदीत ‘वरिष्ठ नागरिक’ म्हणतात, मराठीत मात्र ‘ज्येष्ठ नागरिक’च. हिंदी बातम्यांतला ‘वरिष्ठ नेता’ मराठीत येताना ‘ज्येष्ठ नेते’ व्हायला हवा, तो अलीकडे अनेकदा तसाच उचलला जातो, आणि आपल्या लेखातली सरमिसळ बहुधा तिथूनच आली असावी.

सिनेटचे सर्व सदस्य समान दर्जाचे असतात. कोणाही सदस्याचे मत दुसऱ्याच्या मतापेक्षा जड नसते आणि एक सदस्य दुसऱ्याला आदेश देऊ शकत नाही. त्यामुळे सदस्यांच्या आपसातील क्रमासाठी ‘वरिष्ठ’ हा शब्द मुळातच बसत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी, की मराठीत द्विसदनी विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहालाच आपण ‘वरिष्ठ सभागृह’ म्हणतो. ‘वरिष्ठ सभागृहातील वरिष्ठ सदस्य’ असे लिहिले, तर सभागृह वरिष्ठ म्हणून सदस्य वरिष्ठ, की सदस्य इतर सदस्यांहून वरिष्ठ, हे वाचकाने कसे ओळखावे? आपण ‘ज्येष्ठ’ आणि ‘ज्येष्ठताक्रम’ हे शब्द वापरावेत, असे मी सुचवीन.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु बॅसेट यांच्या बाबतीत नुसते ‘ज्येष्ठ’ लिहिले तरी वाचकाची दिशाभूल होईल, कारण मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाबरोबर वय आणि मान या दोन्ही गोष्टी येतात, आणि बॅसेट यांच्या पहिल्या क्रमांकाचा या दोहोंशी काही संबंध नाही.

त्या काळची हकीकत पाहावी. नव्या संविधानानुसार काँग्रेसचे काम ४ मार्च १७८९ रोजी न्यूयॉर्क शहरातील फेडरल हॉलमध्ये सुरू व्हायचे होते. तेरापैकी अकरा राज्यांनी तोवर संविधानाला मान्यता दिली होती, म्हणजे सिनेटच्या जागा बावीस होत्या, आणि गणपूर्तीसाठी बारा सदस्य लागत होते. ठरलेल्या दिवशी हजर झाले केवळ आठ. हे आठ जण रोज जमत आणि गणपूर्ती नाही म्हणून उठत. अखेर ६ एप्रिलला व्हर्जिनियाचे रिचर्ड हेन्री ली येऊन पोहोचले, बाराचा आकडा भरला आणि सभागृहाचे काम सुरू झाले. ४ मार्चला हजर असलेल्या आठांमध्ये बॅसेट नव्हते. ते त्याच महिन्यात पुढे आले. ‘जो आधी येईल तो ज्येष्ठ’ हा साधा नियम लावला असता, तर न्यू हॅम्पशरचे जॉन लँगडन किंवा पेन्सिल्व्हेनियाचे विल्यम मॅक्ले यांच्यासारखे पहिल्या दिवसापासून खोळंबून बसलेले सदस्य त्यांच्या पुढे असते.

परंतु यादी करताना प्रत्यक्ष हजर होण्याची तारीख धरलेली नाही. पहिल्या वीस सदस्यांची सदस्यत्वाची मुदत ४ मार्च १७८९ पासूनच सुरू झाली, असे मानून त्या वीस जणांना एकाच पायरीवर ठेवले आहे, आणि मग ती नावे आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावली आहेत. बॅसेट, बटलर, कॅरल, डाल्टन असे करत विसाव्या क्रमांकावर विंगेट येतात. म्हणजे बॅसेट पहिले, कारण त्यांचे आडनाव ‘बी’पासून सुरू होते. दुसरे काहीही कारण नाही.

हे किती यांत्रिक आहे ते डेलावेअरच्याच उदाहरणात दिसते. त्या राज्याचे दुसरे सदस्य होते जॉर्ज रीड. त्यांचा जन्म १७३३ चा, बॅसेट यांचा १७४५ चा. संविधानावर दोघांचीही सही आहे, पण १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे ती रीड यांची. वयाने, सार्वजनिक जीवनातील वाटचालीने, कोणत्याही मापाने मोजले तरी थोरपण रीड यांच्याकडे जाते, आणि यादीत मात्र ते अठरावे. म्हणून लेखात ‘सर्वांत ज्येष्ठ’ न लिहिता ‘ज्येष्ठताक्रमाच्या यादीत पहिले’ असे लिहावे. पहिल्या शब्दयोजनेत माणसाचे वर्णन आहे, दुसरीत यादीचे. येथे यादीबद्दलच बोलायचे आहे.

तिसरा प्रतिसाद

‘वर्णक्रम’ या शब्दाविषयी एक सूचना. आपल्याकडे नावे ‘अकारविल्हे’ लावली असे म्हणण्याची चांगली रीत आहे आणि हा शब्द मलाही प्रिय आहे, पण तो येथे वापरू नये. त्या वीस सदस्यांची आडनावे देवनागरीत लिहून खरोखरच अकारविल्हे लावली, तर पहिले येतील दक्षिण कॅरोलायनाचे राल्फ इझर्ड, त्यांच्यामागे एल्मर आणि एल्सवर्थ, आणि बॅसेट थेट बाराव्या क्रमांकावर जातील. शेवटचे नाव हेन्री यांचे येईल. इंग्रजी यादीत ते मध्यावर, दहावे आहेत. तेव्हा ‘आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांनुसार’ असे सरळ लिहिलेले बरे.

जाता जाता व्याकरणाचा एक मुद्दा. संस्कृतात ‘ज्येष्ठ’, ‘वरिष्ठ’, ‘कनिष्ठ’ ही तिन्ही रूपे ‘सर्वांत’ हा अर्थ पोटात घेऊनच आलेली आहेत, त्यामुळे ‘सर्वांत ज्येष्ठ’ ही द्विरुक्ती आहे असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. मराठीत मात्र ‘तो माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहे’ हे वाक्य इतके रुळले आहे, की असा आक्षेप घेण्यात हशील नाही. ‘ज्येष्ठतम’ तेवढे टाळावे. मराठीत त्याची गरज नाही.

प्रश्नकर्त्याची पुढील शंका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेखात आणखी दोन जागा अडल्या आहेत. एक, अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या दोन सिनेटरांपैकी एकाला ‘सीनियर’ आणि दुसऱ्याला ‘ज्युनियर’ म्हणतात. तेथे ‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ लिहावे काय? दोन, सदस्यांचे तीन ‘वर्ग’ केले गेले असा लेखकाचा उल्लेख आहे. हे वर्ग म्हणजे ज्येष्ठतेच्याच पायऱ्या होत्या काय?

दुसरा प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

दुसरी शंका आधी घेतो, कारण पहिल्या सिनेटमध्ये सदस्यासदस्यांत खरोखर काही फरक पडला असेल, तर तो येथेच पडला. ते वर्ग ज्येष्ठतेचे नव्हते आणि दर्जाचेही नव्हते. सिनेट कधीही एकदम रिकामी होऊ नये, दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्यच निवृत्त व्हावेत, अशी संविधानाची तरतूद आहे. आपल्या राज्यसभेची रचनाही तशीच आहे. परंतु पहिल्यांदा सगळे एकदमच निवडून आलेले असल्यामुळे कोणाची मुदत दोन वर्षांत संपावी, कोणाची चार आणि कोणाची पूर्ण सहा वर्षे चालावी, हे ठरवणे भाग होते. ते १५ मे १७८९ रोजी चिठ्ठ्या टाकून ठरले. वीस सदस्यांचे आधी तीन गट पाडले होते. एकाच राज्याचे दोन सदस्य एका गटात येणार नाहीत, ही काळजी घेतलेली होती. मग सारख्या आकाराच्या तीन कागदांवर एक, दोन, तीन असे आकडे घालून ते सचिवाने गुंडाळून पेटीत टाकले आणि प्रत्येक गटातर्फे एकेका सदस्याने चिठ्ठी उचलली. ट्रिस्ट्रम डाल्टन यांच्या हाती एक क्रमांक आला, तेव्हा त्यांची आणि त्यांच्या गटातल्या सर्वांची मुदत १७९१ मध्ये संपणार हे ठरले. पेन विंगेट यांनी दोन क्रमांकाची चिठ्ठी उचलली, लँगडन यांनी तीन क्रमांकाची. यादीत पहिले असलेले बॅसेट विंगेट यांच्या गटात होते, त्यामुळे १७९३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि ते सिनेटबाहेर पडले. यादीत तेरावे असलेले लँगडन पुढे पुन्हा निवडून आले आणि १८०१ पर्यंत राहिले.

‘वर्ग’ म्हटले की मराठी वाचकाला ‘वर्ग एकचा अधिकारी’ आठवतो आणि पहिला वर्ग म्हणजे मानाचा असे वाटू लागते. येथे पहिल्या गटाच्या वाट्याला सर्वांत अपुरी मुदत आली होती. म्हणून ‘गट’ लिहावे आणि वाटणी ‘सोडतीने’ झाली असे लिहावे.

न्यूयॉर्कच्या दोन सदस्यांची निवड राज्यातल्या वादामुळे जुलै १७८९ पर्यंत लांबली. रूफस किंग आणि फिलिप स्कायलर यांचा क्रम म्हणूनच पहिल्या वीस जणांनंतर लागतो, आणि येथे तरी ‘नंतर आले म्हणून मागे’ हे शब्दशः खरे आहे. गटासाठी त्यांनाही चिठ्ठी उचलावी लागली. स्कायलर यांना दोन वर्षांचा गट मिळाला आणि १७९१ मध्ये ती जागा ॲरन बर यांच्याकडे गेली. नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड ही राज्ये संघात उशिरा आली, तेव्हा त्यांचे सदस्य १७९० मध्ये दाखल झाले आणि यादीत आणखी मागे लागले.

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ सिनेटर यांच्यासाठी ‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ मुळीच लिहू नये. मिशिगनचे ‘कनिष्ठ सिनेटर’ असे वाचले की ते दुसऱ्याच्या हाताखाली काम करतात असे वाटते. मराठीत याला एक फार जवळचे उदाहरण आहे. माळव्यात पवार घराण्याची देवास संस्थाने दोन होती. इंग्रजीत त्यांना ‘देवास सीनियर’ आणि ‘देवास ज्युनियर’ म्हणत, मराठीत ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’. एका गावात दोन गाद्या, दोन्ही स्वतंत्र, आणि थोरलेपण केवळ घराण्यातल्या क्रमाचे. सिनेटरांचे नाते नेमके असेच आहे. तरी आजच्या लेखात ‘थोरले सिनेटर’ लिहिले तर वाचक क्षणभर हसेल, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा ‘राज्याच्या दोन सिनेटरांपैकी ज्येष्ठ’ आणि दुसऱ्यासाठी केवळ ‘दुसरे सिनेटर’ इतके पुरे.

शब्दांइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न काळाचा आहे. पहिल्या सिनेटविषयी लिहिताना ज्येष्ठतेचा आजचा अर्थ मागे ढकलला जाऊ नये. आजच्या सिनेटमध्ये समितीतील स्थान आणि बहुमतातील पक्षाकडून मिळणारे समितीचे अध्यक्षपद हे बरेचसे ज्येष्ठतेवर ठरते, आणि एकाच दिवशी शपथ घेणाऱ्यांत कोण पुढे, हे ठरवण्यासाठी पूर्वी सिनेटर होते काय, प्रतिनिधिगृहात होते काय, राज्याचे गव्हर्नर होते काय, अखेर राज्याची लोकसंख्या किती, असे निकष लावले जातात. १७८९ मध्ये यातले काही नव्हते. स्थायी समित्याच नव्हत्या; एखादे विधेयक आले की त्यापुरती समिती मतदानाने निवडायची आणि काम झाले की ती संपायची. स्थायी समित्यांची व्यवस्था सिनेटने डिसेंबर १८१६ मध्ये केली, आणि समित्यांच्या याद्या पक्षांनी ठरवून आणण्याची पद्धत १८४६ पासून पडल्यावर ज्येष्ठतेला खरे वजन आले. प्रतिनिधिगृहात तर हेन्री क्ले १८११ मध्ये सदस्य म्हणून पहिल्याच दिवशी त्या सभागृहाचे अध्यक्ष निवडले गेले.

‘प्रो टेम्पोर’, म्हणजे उपाध्यक्षांच्या गैरहजेरीत सिनेटचे सभापतिपद सांभाळणारा सदस्य, या पदाचेही तसेच. ६ एप्रिल १७८९ रोजी लँगडन यांना सभापती निवडले ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची मते मोजण्यापुरते, कारण पदसिद्ध सभापती असणारे उपाध्यक्ष अजून ठरायचेच होते. तेथे ‘हंगामी सभापती’ हा आपल्या विधिमंडळातला शब्द चपखल बसतो. आज मात्र त्या पदावर बहुमतातील पक्षाचा सर्वांत ज्येष्ठ सदस्य बसवण्याचा विसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा प्रघात आहे आणि ती व्यक्ती वर्षानुवर्षे पदावर राहते, म्हणून आजच्या संदर्भात ‘हंगामी’ लिहू नये. आपल्याकडे नव्या विधानसभेत हंगामी अध्यक्ष म्हणून सहसा सर्वाधिक वेळा निवडून आलेल्यांपैकी कोणाची तरी नेमणूक होते, ते सेवाज्येष्ठतेने. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली, तेव्हा सच्चिदानंद सिन्हा यांना तात्पुरते अध्यक्ष केले ते मात्र वयाने सर्वांत मोठे म्हणून, म्हणजे वयोज्येष्ठतेने. लँगडन यांची निवड या दोहोंपैकी कशानेही झालेली नाही; त्यांना सहकाऱ्यांनी मते देऊन निवडले.

प्रश्नकर्ता

आता वाक्य असे केले आहे : ‘सिनेटच्या ज्येष्ठताक्रमाच्या यादीत डेलावेअरचे रिचर्ड बॅसेट पहिले आहेत; पहिल्या वीस सदस्यांची मुदत एकाच दिवसापासून धरलेली असल्याने त्यांची नावे आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांनुसार लावलेली आहेत.’ ‘वर्ग’ जेथे जेथे होते तेथे ‘गट’ केले आहे. ‘हंगामी’ हा शब्द लँगडन यांच्यापुरता ठेवला आहे.