'फर्मिंग'ला मराठीत काय म्हणावं?

वाळवंटी: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ॲरिझोनाच्या पाण्यावर लेख लिहितेय आणि एका शब्दावर अडलेय. इथे १९९६ साली राज्याने 'वॉटर बँक' काढली. कोलोरॅडो नदीचं जे पाणी कालव्याने येतं, त्यातलं त्या वर्षी गिऱ्हाईक नसलेलं पाणी घ्यायचं, जमिनीत मुरवायचं, आणि तुटीच्या वर्षी शहरांचा कोटा कापला गेला की त्यातून भरपाई द्यायची. या तजविजीला 'फर्मिंग' म्हणतात. मी 'दृढीकरण' लिहिलं, तर नवऱ्याने विचारलं, "कुठला पूल पडतोय?"

रांजण: 'हमी' लिही की सरळ.

वाळवंटी: हमी नुसत्या सहीवरही देता येते. इथे माल आधी साठवावा लागतो.

आडवाट: मग 'बेगमी'. आमच्या घरी आगोटीला तांदूळ, सुकट, सांडगे, लाकूडफाटा भरून ठेवायचे, तीच ही. मूळ फारसी 'बे-गम', म्हणजे काळजी नसणं.

पाटकरी: बेगमी झकास. पण 'बँक' खटकते. बँक व्याज देते. ही देते का?

वाळवंटी: व्याज कसलं! मुरवलेल्या बहुतेक पाण्यातले ५ टक्के भूजलाला सोडून द्यायचे आणि उरलेलं खात्यावर जमा.

पाटकरी: मग हे पेवच. बलुतं-बिलुतं चुकतं केल्यावर उरलेली ज्वारी जमिनीतल्या पेवात ओतायची, तोंड लिंपायचं, दुष्काळात उघडायचं. आजी सांगायची, उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने माणूस मरतो.

रांजण: 'पाण्याचं पेव' वाचून निम्म्या लोकांना वाटेल की पाण्याचं पेव फुटलंय. बँकच राहू दे.

वाळवंटी: अजून एक गंमत. बँक कधी कधी पाणी मुरवतच नाही. शेतकऱ्याला कालव्याचं पाणी देते, तो तेवढ्यापुरता बोअर बंद ठेवतो, आणि न उपसलेलं पाणी बँकेच्या नावावर चढतं.

आडवाट: त्या 'क्रेडिट'ला 'जमा' म्हण. 'श्रेय' नको, सत्कार झाल्यासारखं वाटतं. आणि ते परत काढण्याला, म्हणजे 'रिकव्हरी'ला, 'वसुली' तर मुळीच नको, आपला 'उपसा' आहे ना.

वाळवंटी: खरी अडचण 'ऑब्लिगेशन'ची. शहरांसाठी आहे ती बेगमी, मान्य. पण २००४ च्या कायद्याने आदिवासी जमातींच्या वाट्याच्या २३,७२४ एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाण्याची जबाबदारी राज्याने १०० वर्षांसाठी उचललीय. आणि शेजारच्या नेवाडाने पैसे मोजून ६ लाख एकर-फुटांहून जास्त पाणी इथे ठेवलंय. सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द.

आडवाट: मराठीत तीन होतील. घरच्यांसाठी बेगमी, नेवाडाची ठेव, जमातींचं देणं. ठेवीला हात लावायचा नसतो, देणं चुकवायचं नसतं, आणि ओढाताण झाली की बेगमीतलंच आधी खर्ची पडतं. तीनही शब्द लेखात वापर, वाचकाला अर्धं गणित तिथेच कळेल.

पाटकरी: पण एवढी ओढाताण का? हिशेब टीएमसीत सांग.

वाळवंटी: ॲरिझोनाचा नदीतला वाटा वर्षाला २८ लाख एकर-फूट, म्हणजे साधारण १२२ टीएमसी. उजनी काठोकाठ भरल्यावर ११७. २०२२ सालासाठी पहिल्यांदा अधिकृत तूट जाहीर झाली आणि त्यातले ५ लाख १२ हजार एकर-फूट गेले, म्हणजे २२ टीएमसी. २०२३ मध्ये ५ लाख ९२ हजार. बहुतेक कपात आमच्या कालव्यावर पडते, कारण १९६८ च्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियाचे ४४ लाख आधी.

पाटकरी: म्हणजे तुम्ही टेलचे! आमच्याकडे माणूस पाटाच्या शेवटाला असतो म्हणून टेलचा, तुम्ही कायद्याने टेलचे.

वाळवंटी: अगदी. आणि टेलला उरलंसुरलं पाणीच नसेल तर बँकेने मुरवायचं काय? मग दुसऱ्यांच्या खात्यावरची जमा विकत घ्यायची. त्याला पैसा लागतो. बँक उभी राहिली ती मालमत्ता कराच्या जिवावर, १०० डॉलर करमूल्यामागे ४ सेंटपर्यंत. शिवाय भूजल उपशावर एकर-फुटाला अडीच डॉलर. राज्याच्या तिजोरीतून यायचं ते आटलं, वर मंदीच्या काळात विधिमंडळाने बँकेचा निधी दुसरीकडे वळवला. इंग्रजीत त्याला 'झाडून नेला' असंच म्हणतात.

रांजण: 'वळवला' फारच सभ्य झालं. झाडूनच ने.

वाळवंटी: नेला! मग वाक्य असं: "बेगमी करायला पाणी नाही, जमा विकत घ्यायला पैसा नाही, आणि देणं १०० वर्षांचं." शेवटचं विचारते, तूट जितकी मोठी तितकी कपात जास्त, त्या तुटीच्या 'टियर'ला 'पायरी' चालेल?

आडवाट: पायरी म्हटलं की मला आंबा दिसतो. 'टप्पा' लिही.