‘च’ खोडायची वही : अनुभव धागा

घटनेने नाही, तिच्याबद्दलच्या हट्टी विचाराने माणूस खचतो असं मानून तो विचार तपासायचा, ही विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत. ‘मिळालेच पाहिजेत’ यातला हट्टाचा ‘च’ शोधून खोडायची तिची वही शिकवणारे, गट चालवणारे, शाळेत वापरणारे असे बरेच जण आपल्यात आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत मांडली. डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, त्यामुळे तिच्यासाठी लागणारे शब्द आपल्याकडे तयार आहेत. विनंती एवढीच, की कुणाचं आयुष्य कसं बदललं ते नको. वही कशी भरायची आणि ती कुठे बिघडते, तेवढं लिहा.

गट चालवणारी

साधी शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर तीन रकाने आखा: घटना, मनातलं वाक्य, परिणाम. उजवं पान कोरं ठेवा, ते वादासाठी, म्हणजे मनातल्या वाक्याला प्रश्न विचारून ते तपासण्यासाठी.

भरताना मात्र शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करायची. माणसाला आधी कळतं ते छातीत धडधडतंय, जेवण जात नाही, मुलांवर ओरडणं झालं हे. तेच आधी लिहा आणि भावनेला ० ते १० मध्ये आकडा द्या. मग घटना, आणि सगळ्यात शेवटी वाक्य. एका नोंदीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. झोपायच्या आधी लिहू नका, कारण मग तोच विषय अंथरुणात घोळत राहतो. संध्याकाळचा चहा झाला की बसा.

सगळ्यात जास्त नोंदी घटनेच्या रकान्यात बिघडतात. “सासूबाईंनी टोमणा मारला” ही घटना नाही, तो आपण लावलेला अर्थ आहे. “सासूबाई म्हणाल्या, आज आमटीत मीठ जास्त झालंय” ही घटना. समोर कॅमेरा असता तर त्यात जे दिसलं आणि ऐकू आलं असतं, तेवढंच या रकान्यात. टोमणा हा शब्द मधल्या रकान्यात जातो. तो तिकडे सरकवला की निम्मी नोंद तिथेच सुटी होते.

शाळेतली समुपदेशक

परिणामाच्या रकान्यात मुलं (आणि मोठेही) एकच शब्द लिहितात: ‘टेन्शन’. त्यावर पुढे काही करता येत नाही. टेन्शन म्हणजे भीती, लाज, राग की कंटाळा? मराठीत इतके बारीक शब्द आहेत की ते न वापरणं हे नुकसानच आहे. खट्टू होणं, हिरमुसणं, चडफडणं, धुसफुसणं, कुढणं, ओशाळणं, बावरणं, हुरहूर, जीव टांगणीला लागणं. वर्गात हे शब्द फळ्यावर लिहून ‘कुढणं’ आणि ‘धुसफुसणं’ यांत फरक काय, असं विचारलं की आठवीची मुलं अचूक सांगतात: एक आत राहतं, दुसरं बाहेर ऐकू येतं.

वहीच्या मागच्या पानावर असे वीसेक शब्द लिहून ठेवा आणि नोंद करताना त्यातून निवडा. प्राथमिकच्या मुलांकडून वादाचं पान भरून घेऊ नका. त्यांना भावनेचं नाव आणि आकडा एवढंच पुरे.

समुपदेशनाचे वर्ग घेणारा

आता मधला रकाना. एलिस यांच्या सांगण्याचा गाभा असा, की इच्छेने माणूस खचत नाही, तिचा हट्ट झाला की खचतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो. “मुलाला नव्वद टक्के मिळावेत” ही इच्छा आणि “मिळालेच पाहिजेत” हा हट्ट. म्हणून वाक्य लिहून झालं की लाल पेनने ‘च’ला गोल करायचा.

पण ‘च’ नेहमी उघडा नसतो. प्रश्नात दडतो: “असं कसं वागू शकतो कुणी?” याचा उलगडा “त्याने असं वागताच कामा नये” असा होतो. उसाशात दडतो: “जाऊ दे, आपलं नशीबच असं.” इथे गोल त्या ‘नशीबच’ला नाही करायचा, न बोललेलं वाक्य “माझ्या वाट्याला हे यायलाच नको होतं” हे आहे, ते आधी पूर्ण लिहा. प्रश्नचिन्ह किंवा टिंबं असलेलं वाक्य मधल्या रकान्यात ठेवायचंच नाही. पूर्ण विधान होईपर्यंत “म्हणजे काय?” असं स्वतःला विचारत राहा. बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेळी खरं वाक्य हाती लागतं.

‘च’च्या मागोमाग तीन गोष्टी येतात: “हे भयंकर आहे”, “मला सहन होत नाही” आणि “मी (किंवा तो) नालायक आहे”. यातलं कोणतं आलंय ते लिहून ठेवा, उजव्या पानावर लागतं.

उजव्या पानावर तीन प्रश्न. असा नियम कुठे आहे? मला हवंय म्हणून ते झालंच पाहिजे, हे ओघाने येतं का? हे वाक्य धरून ठेवल्याने माझं काय होतंय? उत्तरं मनात नाही, कागदावर द्या. आणि मग नवं वाक्य.

इथली चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: ‘च’ खोडताना इच्छाही खोडून टाकतो. “मला मार्कांचं काही वाटत नाही.” हे खोटं आहे, आणि मनाला ते लगेच कळतं, आकडा ८ चा ८ राहतो. नव्या वाक्यात इच्छा पूर्ण ताकदीने राहिली पाहिजे: “त्याला नव्वद मिळावेत असं मला मनापासून वाटतं. नाही मिळाले तर वाईट वाटेल, वाटू दे. पण मिळालेच पाहिजेत असा नियम नाही.” यानंतर आकडा शून्यावर आणायचा नसतो. चिंतेची काळजी झाली, अपराधीपणाची खंत झाली, संतापाची नाराजी झाली, तर काम झालं. काळजी असलेली आई मुलाला उजळणीला बसवते, चिंतेतली आई रात्रभर जागी राहते.

गट चालवणारी

“भयंकर आहे” याला पट्टीचा उपाय. पानावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढा, ० ते १००. आपली घटना कुठे बसते तिथे खूण करा, बहुतेक ९५ वर होते. मग त्याच रेघेवर घर जळणं, हात-पाय गमावणं, अपत्य जाणं यांच्या खुणा करा. जागा उरत नाही, मग पहिली खूण आपोआप डावीकडे सरकवावी लागते. ही पट्टी ज्याची त्यानेच ओढायची. दुसऱ्याने “लोकांना बघ काय काय सोसावं लागतं” म्हटलं की तो उपाय राहत नाही, अपमान होतो.

“मी नालायक” यासाठी कोऱ्या पानावर पानभर मोठा पोकळ ‘मी’ काढा. त्याच्या आत लहान लहान ‘मी’ भरा, प्रत्येक एका गोष्टीचा: पोळ्या चांगल्या करते, वेळ पाळत नाही, हिशेब चोख, भावाशी अबोला, पेटी वाजवते, इंग्रजी बोलताना अडखळते. चाळीस तरी भरा. मग आज चुकलेला एकच लाल करा. पान समोर ठेवून “पूर्ण ‘मी’ लाल झाला का?” एवढंच विचारा.

वर्तनाच्या गृहपाठावर काम करणारी

नुसती वही भरून सवय बदलत नाही. एलिस यांनी स्वतः १९९३ मध्ये पद्धतीच्या इंग्रजी नावात ‘वर्तन’ हा शब्द घातला तो याचसाठी. ते एकोणीस वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी महिनाभर बोलत गेले. शंभर जणींशी बोलणं झालं, भेट ठरली एकीशी आणि तीही आली नाही. नकाराने काही कोसळत नाही, हे मात्र कळलं.

आपल्याकडे पायऱ्या अशा मांडा. सोसायटीच्या सभेत बोलायची धास्ती असेल तर: शेजाऱ्याला सभेचा विषय विचारणं, सभेत पुढच्या रांगेत बसणं, एक प्रश्न लिहून नेऊन वाचणं, न लिहिता विचारणं, एका मुद्द्याला विरोध करणं. पाच-सहा पायऱ्या पुरेत. पहिली ३-४ आकड्याची हवी. ७ ची ठेवली तर माणूस दुसऱ्या दिवशी येतच नाही. धास्ती वाढली की निघून जाऊ नका. निघून गेल्यावर जो सुटकेचा श्वास येतो, त्यानेच भीती पक्की होते. आकडा निम्म्यावर येईतो थांबा.

मदतवाहिनीवर काम केलेली

काही ‘च’ खोडायचे नसतात. मार खाणारी बाई “त्याने मला मारताच कामा नये” म्हणते तेव्हा तिच्यापुढे वही धरणं हा अन्याय आहे. तिथे आधी सुरक्षितता: १८१ महिला हेल्पलाइन, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, विश्वासाचं एक घर. तसंच मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत वाद नको. रडणाऱ्याला पुरावा विचारायचा नसतो, शेजारी बसायचं असतं.

दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कामातला रस परतत नसेल तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जा, आणि थायरॉइड व बी-१२ तपासायचं का तेही विचारा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका, लगेच फोन करा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गट चालवणारी

एक राहिलं. बऱ्याच घरांत वही लपवायला जागा नसते, आणि कुणी वाचेल या धाकाने नोंदी गुळमुळीत होतात. मग सुट्या कागदावर लिहा, वाद पूर्ण झाला की फाडून टाका. नवं वाक्य तेवढं बसच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठीवर उतरवून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. आठवडाभर दिवसातून तीनदा, ओठ हलवून वाचा.