मिरगीची गोळी बंद करून पुडी: कुणाला काय वाटतं?

गोदाकाठ (गंगाखेड):
बाजाराच्या दिवशी भाच्याला हातगाड्यापाशीच फिट आली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, एका मावशीनं दातात घालायला चमचा काढला. (चमचा कधीच घालू नका, दात तुटतात. कुशीवर वळवा आणि झटका किती वेळ चालतो ते घड्याळात बघा.) घरी आल्यावर कळलं, दाजींनी दोन महिन्यांपूर्वीच गोळी बंद करून कुण्या वैदूची पुडी चालू केलीय. "उंदरांवर प्रयोग झालेत, मोबाईलवर आलंय" म्हणे. झाडपाल्याच्या अर्कावर संशोधन जरूर व्हावं, पण आमच्या पोरावर नको. तुमचं मत सांगा.

बालाघाट (अंबाजोगाई):
मी बीएएमएस. वैदू आणि वैद्य एका पारड्यात तोलू नका, एवढी विनंती. चरकसंहितेत अपस्माराचा, म्हणजे मिरगीचा, अख्खा अध्याय आहे. ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी घालून जुन्या तुपाचं घृत त्यात दिलंय. झाडपाला म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी ऐका: गांजाच्याच झाडातलं कॅनाबिडिऑल शुद्ध करून तयार केलेलं औषध अमेरिकेच्या एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या खात्यानं २०१८ मध्ये मिरगीसाठी मंजूर केलं. आणि तुमच्या व्हॅल्प्रोएट या मिरगीच्या औषधाचं नाव कुठून आलं? व्हॅलेरियनवरून, म्हणजे आपल्या तगरीच्याच भाऊबंदातलं झाड.

काळी_माती (लातूर):
मेडिकल चालवतो म्हणून बोलतो. नाव झाडाचं असलं तरी व्हॅल्प्रोएट बनतं कारखान्यात. १९६२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला ते नुसतं द्रावक म्हणून वापरत होते, दुसरीच औषधं त्यात विरघळवून तपासायला. जे घालावं त्यानं झटके थांबायला लागले, तेव्हा कळलं की गुण द्रावकाचाच!

कॅनाबिडिऑलचंही अर्धंच सांगितलंत. मंजुरी मिळाली ती ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या लहानपणीच्या दोन अवघड प्रकारांसाठी. चाचण्यांत ते चालू गोळ्यांच्या जोडीला दिलं होतं, त्या बंद करून नव्हे. क्लोबाझाम या मिरगीच्या गोळीसोबत गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएटसोबत यकृत तपासत राहावं लागतं. उद्या कुणी भांग घोटून पाजायचा, म्हणून हे लिहिलं.

राहिली शंखपुष्पी. मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच छापलंय: फेनिटॉइन ही मिरगीची गोळी चालू असलेल्या दोन रुग्णांनी सोबत शंखपुष्पी घेतली आणि झटके पुन्हा सुरू झाले. रक्तातलं फेनिटॉइनच उतरलं होतं. दहावीच्या परीक्षेआधी स्मरणशक्तीसाठी हेच सिरप मागायला लोक येतात. पोराला दुसरी कुठली गोळी चालू आहे, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

बालाघाट:
शंखपुष्पी म्हणून बाजारात वेगवेगळी झाडं खपवतात, गोकर्णसुद्धा. मग दोष झाडाचा का व्यापाऱ्याचा? आणि ज्याचं पेटंट हाती लागणार नाही, त्या झाडावर पैसे घालून माणसांवरची मोठी चाचणी कोण करणार? आमचा अर्क उंदराच्या पुढं सरकत नाही तो यामुळं.

काळी_माती:
दोष व्यापाऱ्याचाच धरा. पण बाटलीत कोणतं झाड आहे हेच ठाऊक नसेल, तर डोस कशाचा ठरवायचा?

तुरीचं_रान (जिंतूर):
तुमचं चालू द्या, आमचं पण ऐका. लेकीला सातवीपासून फिट येतीय. सरकारी दवाखान्यात गोळी कधी असती कधी नसती. परभणीला जायचं तर दिवसाची मजुरी बुडती. गोळीनं हिरड्या सुजल्या ते वेगळंच. आता लग्नाचं बघायलोत. पाहुणे घरात आले की गोळीचं पाकीट कुठं लपवावं? पुडीचं कसं, कुणी पुसलं तर पोटाची म्हणता येतं. पुडीनं फिट थांबली बगा. फक्त पोरगी दिवसभर झोपायली.

काळी_माती:
ताई, त्या झोपेचीच मला भीती वाटायली. जडीबुटी म्हणून विकलेल्या पुड्यांत फिनोबार्बिटोन सापडल्याचे प्रकार आपल्या देशात झालेत. म्हणजे १९१२ पासून मिरगीला देतात तीच गोळी, कुटून. तसं असेल तर पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, झटक्यामागून झटके येतात. आपल्या मनानं काही तोडू नका. उद्याच्या उद्या पुडी घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडं जा.

बालाघाट:
इथं मी यांच्या बाजूनं. पुडी कागदासकट न्या. कधीपासून आणि किती चमचे देताय, तेही सांगा.

तुरीचं_रान:
डॉक्टर रागावतील की. मागच्या वेळी गोळी चुकली म्हणून लेकीसमोर लई बोलले होते.

गोदाकाठ:
आम्हीपण उद्या भाच्याला घेऊन परभणीलाच चाललोत, आमच्याकडं पण पुडी आहेच. तुमची गाडी किती वाजता पोचती ते कळवा, स्टँडवर थांबतो. दोघं मिळून बोलणी खाऊ.