साखर पेठेतले दाताचे डॉक्टर : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

साखर पेठेतला दवाखाना दिवाळीनंतर बंद होतोय. बातमी फुटल्यापासून फोन सुरू आहेत, "काहीतरी करू या की ओ." शाल-श्रीफळ डॉक्टरांना चालत नाही. मागे एका मंडळानं सत्काराला बोलावलं, तर "त्या वेळेला नातीची शाळा सुटते" म्हणून गेलेच नाहीत. तेव्हा हा धागा. नाव लिहू नका, घरच्यांनी बजावलंय. ओळखणारे ओळखतीलच. आणि नुसतं "देवमाणूस होते" असलं नको (होते कशाला? रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारतात). काय घडलं ते लिहा.

सुरुवात मी करतो. माझे वडील लक्ष्मी विष्णू मिलमध्ये होते. दाढ ठणकायला लागली की लवंग, नाहीतर तंबाखूची चिमूट, आणि तरी थांबेना तर उपटून टाकायची, हा आमच्याकडचा रिवाज. डॉक्टर तेव्हा मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयातून शिकून नुकतेच परत आले होते. वडील म्हणाले, काढून टाका, मिटवा विषय. हे म्हणाले, "काढायला एक चक्कर, वाचवायला तीन. पैसे दोन्हीचे सारखेच घेतो." धंदा म्हणून असा हिशोब कोण करतं? वडिलांची ती दाढ त्यांच्यासोबतच गेली.

विडी कामगाराची लेक, कुंभारी

आम्ही आता गोदूताई वसाहतीत राहतो. त्याआधी अशोक चौकाजवळ एका खोलीत सात माणसं. आई दिवसाला हजार विड्या वळायची. मांडीवर सूप, पानं कापायची कात्री, आणि हाताशी मिश्रीची डबी. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री झोपताना एकदा. हिरड्या काळ्या, दात हलत होते, पण दवाखान्यात जायचं म्हणजे त्या दिवसाच्या विड्या बुडणार.

डॉक्टर रविवारी वस्तीत यायचे. टेबल-खुर्ची काही नाही, बायकांच्या शेजारी खाली बसायचे. आमची आई तेलुगू, मराठी तिला जेमतेम. "नोरु तेरवंडी अम्मा" म्हणाले आणि ती हसली. उच्चार भलताच होता. पहिल्या दिवशी मिश्री सोडा असं त्यांनी म्हटलंच नाही. रात्रीची तेवढी बंद करा, म्हणाले, ती रात्रभर गालात बसते. दोन महिन्यांनी दुपारची. सकाळची काही सुटली नाही, खोटं कशाला लिहू.

एकदा त्यांनी बोटाला कापड गुंडाळून आईचा गाल बाहेर ओढला आणि मला जवळ बोलावलं. आत नखाएवढा पांढरा चट्टा. पुसला तरी जात नव्हता. "हा पंधरा दिवसांत गेला नाही तर मला सांग. आईला नको, तू लक्ष ठेव." मी तेव्हा आठवीत. चट्टा गेला नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला पाठवलं, एसटीच्या भाड्याचे पैसे माझ्या कंपासपेटीत ठेवले, कारण आईनं घेतले नसते. तुकडा तपासला, रोग सुरुवातीलाच सापडला. ऑपरेशन झालं. गाल थोडा आत ओढला गेलाय, पण आई आहे. विड्या वळणं बंद, भांडणं चालू.

रिक्षावाला, विजापूर वेस

मला म्हणले, तोंड उघड आणि तुझीच तीन बोटं उभी आत घाल. दोनच गेली. "तिसरं कुठं गेलं बे?" मी म्हणलं तंबाखू-सुपारीचा मावा खातो डॉक्टर, दिवसाला सात-आठ पुड्या. ते म्हणले, "आतली कातडी आता दोरीसारखी ताठ झालीय. गेलेलं परत येत नाही. आहे तेवढं राखायचं, नाहीतर पुढच्या वर्षी एकच बोट, मग पोळी चुरून खा." घाबरवत नव्हते, हिशोब सांगत होते. मावा सुटला. दोन बोटं अजून जातात. मिसळ खाता येत नाही, तोंडाची आग होते, ते दुःख आहे.

निवृत्त शिक्षिका

शाळेत तपासणीला दरवर्षी यायचे. पालकांना एकच गोष्ट घोकवून घ्यायचे : सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नाही, ती कायमची आहे, ती गेली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. निम्म्या आया "पडेल की, दुसरी येईल" म्हणून ती दाढ किडू देतात.

पण मला आठवतो तो खो-खोचा तास. पाचवीतला एक पोरगा खांबावर आदळला, पुढचा दात मुळासकट मातीत. मी रक्त पुसतेय, शिपाई दात नळाखाली घासायला निघाला. त्याच आठवड्यात डॉक्टर आम्हा शिक्षकांना सांगून गेले होते : मुळाला हात लावायचा नाही, वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, घासायचं नाही, दुधात टाकायचं आणि तासाभराच्या आत आणायचं, अर्ध्या तासात आणलात तर उत्तम. समोरच्या चहावाल्याकडून वाटीभर थंड दूध घेतलं. मी मागे बसले, मांडीवर पोरगा, हातात वाटी, आणि शिपाई सात रस्त्याच्या गर्दीतून स्कूटर दामटतोय. डॉक्टरांनी दात परत बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. पुढे रूट कॅनल करावं लागलं, पण लग्नाच्या फोटोत तोच दात आहे. वाटी चहावाल्याला परत द्यायची राहिली. त्यानं बरेच दिवस आठवण करून दिली.

चादरीचे व्यापारी, नाव नको

सगळे गोड लिहितायत, मी थोडं तिखट लिहितो. माणूस घड्याळाचा गुलाम. एक वाजला की हातातलं काम संपवून उठणार, मग बाहेर मंत्री बसू दे. माझा गाल लिंबाएवढा सुजलेला, एप्रिलचं ऊन, बेचाळीस डिग्री, आणि कंपाउंडर म्हणतो तीनला या. मी तिथेच आवाज चढवला. डॉक्टर बाहेर आले, गोळी दिली, म्हणाले, "आईला माझ्याच हातून जेवायची सवय आहे. थांबता येत नाही."

नंतर कळलं, आईला अर्धांगवायू होता. दुधात भाकरी कुस्करून, चमच्यानं, एकेक घास. न गिळलेलं गालात राहतं म्हणून जेवण झाल्यावर त्यांचं तोंडही हेच पुसायचे. अकरा-बारा वर्षं चाललं. चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण एक ते तीन दुसरा डॉक्टर बसवता आला असता, हे माझं मत अजून कायम.

शेजारीण, दवाखान्याच्या वरचा मजला

वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, शाळेत शिक्षिका, सकाळची शिफ्ट. त्यांचा डबा वर्षानुवर्षं डॉक्टरांनीच भरला. भाकरी मात्र कधी जमली नाही, कडक भाकरी विकत आणायचे आणि शेंगाचटणी खलबत्त्यात स्वतः कुटायचे. रविवारी सकाळी तो ठोका ऐकला की आम्ही उठायचो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दोन्ही मुलींना पाळण्यात बसवून स्वतः खाली उभे, कारण त्यांना चक्कर येते. खाली उभं राहून पोरींच्या हातातल्या साखरेच्या माळेकडे बघून तोंड वाकडं करायचे, पण अडवायचे नाहीत. दोघींपैकी कोणी दाताची डॉक्टर झाली नाही. एकीनं तर इंजिनिअरिंग सोडून गाणं धरलं. लोक त्यांना विचारायचे, दवाखान्याचं काय. ते म्हणायचे, "खुर्ची आहे, गादी नाही."

कंपाउंडर

मला लिहायला सांगितलं म्हणून लिहितो. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड. दाताच्या दवाखान्याला पाणी किती लागतं ते बाहेरच्याला कळत नाही. पाणी येणार त्या रात्री साहेब स्वतः पॅन्ट दुमडून पिंप भरायला यायचे. कितीही टंचाई असू दे, हत्यारं धुवून, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, १२१ डिग्रीला पंधरा मिनिटं, यात कधी काटकसर केली नाही. काटकसर कोटात केली. एकच कोट, कॉलर उलटी शिवून घेतलेला. उधारीची वही माझ्याकडं आहे. साहेब म्हणतात जाळ. अजून जाळली नाही, कारण कालच एकजण येऊन स्वतःच्या नावापुढची रक्कम देऊन गेला.

जुळे सोलापूर

अनुभव नाही, अडचण आहे. सासऱ्यांच्या कवळीचं माप मागच्या आठवड्यात दिलंय. आता कवळी कोण बसवणार?

धागा सुरू करणारा

कंपाउंडरला आत्ताच विचारलं. ज्यांची कामं अर्धी आहेत त्यांची यादी भिंतीवर लावलीय. ती संपेपर्यंत मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी डॉक्टर बसणार आहेत. सासऱ्यांना जुनी कवळीही घेऊन यायला सांगा, डबीत पाणी घालून. कागदात गुंडाळून आणली तर ओरडतात.