मदत हवी आहे: छोट्या फायबर बोटीच्या डेकवर पाणी साचतंय, निचराच होत नाही

नमस्कार मंडळी,

रेवदंड्याच्या खाडीत आमची एक छोटी फायबरची बोट असते, १७ फुटी, मधे स्टिअरिंगचा कन्सोल आणि मागे बाहेरून लावलेलं ४० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड). धंद्याची नाही, घरचीच, सुट्टीत गरी टाकायला नाहीतर समोर कोर्लईच्या बाजूला एक चक्कर मारून यायला. सेकंडहँड घेतली आहे. चालते छान, पण डेकवर आलेलं पाणी जाता जात नाही, त्यासाठी हा धागा.

रचना सांगतो म्हणजे अंदाज येईल. खाली हल, म्हणजे बोटीचं पाण्यातलं अंग, त्यावर प्लायवूडवर फायबर मारलेला बंद डेक, दोन्हीच्या मधे फोम भरलेला. डेकच्या मागच्या दोन कोपऱ्यांत एकेक भोक, त्याला १ इंची वळ्यावळ्यांचा पाईप, तो ट्रान्सममधून, म्हणजे इंजिन लावलेल्या मागच्या उभ्या फळीतून बाहेर निघतो आणि बाहेरून रबरी झडप, म्हणजे आतलं पाणी बाहेर जावं पण समुद्राचं आत येऊ नये.

आता होतं काय, की बोट नुसती उभी असली तरी उजव्या बाजूला कन्सोलच्या मागे कायम डबकं, चांगलं परातीएवढं. ते पुसून घ्यावं लागतं, स्वतःहून जात नाही. पण त्याहून मोठा त्रास मागच्या कोपऱ्यांचा आहे. दोघं जण मागे गरी टाकायला उभे राहिले की तिथून पाणी उलटं वर येतं, हळूहळू पावलं भिजतात आणि आम्ही पुढे सरकलो की परत उतरतं. आणि एखादी लाट आत आली किंवा परतीच्या पावसाची सर आली तर मग उतरायला इतका वेळ लागतो की आम्ही सरळ टमरेल घेऊन उपसायला बसतो.

आमच्याबरोबर मुलं असतात, कधी आईबाबा पण, म्हणून मला हे चालवून घ्यायचं नाहीये. हिशोब करून बघितला, डेक साधारण ५ चौरस मीटर, त्यावर ४ सेंटिमीटर पाणी म्हणजे २०० लिटर, म्हणजे २०० किलो, तीन माणसं जास्तीची बसल्यासारखं, आणि ही तीन माणसं एका जागी बसत नाहीत, बोट ज्या अंगाला कलेल त्याच अंगाला धावतात.

झडपा काढून बघितल्या. एकीचं रबर उन्हाने कडक होऊन वाकडं झालंय, नीट मिटत नाही. दुसऱ्या पाईपमधे सुरूच्या काड्या, तंगूसाचा गुंता आणि खवले असा घट्ट बोळा बसला होता, तार घालून ओढून काढला. फरक पडला पण थोडाच.

किनाऱ्यावर ज्याला विचारावं तो म्हणतो भोकं मोठी करून घ्या, २ इंची. एक कारागीर म्हणाला डेकवर अजून एक थर चढवून सगळाच उचलून घेऊ. दोन्हीला खर्च आहे आणि दोन्ही एकदा केलं की परत फिरवता येत नाही. कोणी असं काम केलंय का? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद, मालवणहून:

दादा, ड्रिल हातात घेऊ नका अजून. आमच्याकडे अशा बोटी दर सीझनला दुरुस्तीला येतात आणि निम्म्यांना कोणीतरी आधीच भोकं पाडून ठेवलेली असतात. तुमचं उलटं पाणी येतंय ना, मग मागे माणसं उभी असताना तुमचा डेक बाहेरच्या पाण्याच्या खाली जातोय. तसं असेल तर भोक मोठं केल्याने पाणी जास्त वेगाने आत येईल, एवढंच.

आधी माप घ्या. खाडी शांत असताना ट्रान्समच्या वरच्या काठावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा, पाणसळ लावून, अशी की एक टोक आत आणि एक बाहेर येईल. पट्टीपासून आत डेकच्या भोकापर्यंत टेपने मोजा आणि बाहेर पाण्यापर्यंत मोजा. बाहेरचं माप आतल्यापेक्षा जास्त आलं तर डेक पाण्याच्या वर आहे. हे दोनदा करायचं, एकदा सगळे कन्सोलजवळ असताना आणि एकदा दोघं मागे उभे असताना. टाकी फुल भरून करा, रिकाम्या टाकीवर केलंत तर फसाल.

आणि इंजिन मूळचंच आहे का बदललेलं? जुन्या बोटी टू स्ट्रोकच्या वजनाला धरून केलेल्या असतात, त्याच ताकदीचं फोर स्ट्रोक सहज २०-२५ किलो जड असतं आणि ते सगळं वजन अगदी शेवटच्या टोकाला. बॅटरी कुठे ठेवलीय तेही सांगा.

प्रतिसाद, पुण्याहून:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, दोन गोष्टी जोडतो, मी जहाजांवर इंजिनीअर होतो, आता निवृत्त.

पहिली, तुमचा वळ्यावळ्यांचा पाईप. आतून खडबडीत असतो, पाणी अडतं आणि घाण वळ्यांमधे धरून राहते. आतून गुळगुळीत रीइन्फोर्स्ड पाईप घाला, वाटेत कुठे झोळ पडू देऊ नका, सरळ उतरता हवा. डेक पाण्याच्या वर आहे हे सिद्ध झालं तरच भोक वाढवा, आणि २ इंचाची गरज नाही, १ चं दीड इंच केलंत तरी क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं.

दुसरी, आणि मला याची जास्त काळजी वाटते, ते कन्सोलमागचं डबकं. डेक तिथे बसलाय, म्हणजे खालचं प्लाय कुजलेलं असू शकतं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळा डेक ठोकत जा, नारळ वाजवून बघतो तसं. ठणठणीत आवाज येईल तिथे ठीक, बद्द आवाज येईल तिथे पेन्सिलने खूण करा. कन्सोलचे आणि सीटचे स्क्रू जिथे आहेत तिथूनच बहुतेक पाणी शिरलेलं असतं. बोट वर काढली की बुडाचं बूच काढून ठेवा आणि किती दिवस पाणी गळतं बघा. फोम भिजलेला असेल तर तो वाळत नाही हो, खरवडूनच काढावा लागतो, आणि त्यात शंभर दीडशे किलो पाणी बसलेलं असेल तर बाकी कशाने काही होणार नाही.

धागाकर्ता:

दादा, काका, मनापासून आभार. मापं घेतली.

दोघं कन्सोलजवळ, टाकी फुल: आत ४८ सेंटिमीटर, बाहेर ५१. म्हणजे डेक ३ ने वर. तेच दोघं मागे उभे: बाहेर ४६. म्हणजे भोक पाण्याखाली २ सेंटिमीटर! उलटं पाणी का येतं ते टेपवरच दिसलं. इंजिन मूळचं नाही, आधीच्या मालकाने बदललेलं आहे. बॅटरी आणि २४ लिटरची टाकी दोन्ही ट्रान्समला चिकटून.

ठोकून पण बघितलं. डबक्याच्या जागी बद्द आवाज, साधारण दीड बाय दोन फूट, बरोबर कन्सोलच्या मागच्या दोन स्क्रूंपासून सुरू होतो. स्क्रू काढला तर ओला काळपट भुसा बाहेर आला. बाकी डेक ठणठणीत आहे, तेवढंच समाधान. बुडाचं बूच काढल्यावर मात्र थेंब थेंब चालूच आहे.

प्रतिसाद, मालवणहून:

मग आता क्रम लागला. बॅटरी आणि टाकी पुढे कन्सोलखाली घ्या, टाकीला हवा खेळती ठेवा आणि वायर जाड गेजची घाला कारण लांबी वाढणार. मिळून ४५ किलोच्या आसपास वजन २ मीटर पुढे जातंय, तुमच्या मापाच्या बोटीत मागची बाजू दोन एक सेंटिमीटर तरी उचलेल. त्यासाठी काही कापायचं नाही, आवडलं नाही तर परत मागे ठेवा. डेकवर थर चढवायचा विचार सोडा, कुजलेल्या प्लायवर नवीन फायबर मारून वजन फक्त वाढेल.

मग मागे मधोमध डेकमधे ६ इंची गोल इन्स्पेक्शन झाकण बसवा, कापण्याआधी खालून केबल किंवा पेट्रोलचा पाईप जात नाही ना बघा. हात घालून फोम दाबा, पाणी सुटलं तर पावसाळ्यात बोट वर असतानाच डेक उघडायचा. फोमऐवजी थर्माकोल निघालं तर सावध, फायबर मारायचं नेहमीचं पॉलिस्टर रेझिन त्याच्यावर पडलं की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो, तिथे एपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिनच वापरा.

झडपा नवीन घ्या, शक्यतो आत बॉल असलेल्या. फिटिंग पितळेचं कोणी दिलं तर घेऊ नका, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि ते ठिसूळ होतं. ब्राँझ किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. आणि तोवर मागे एकानेच उभं राहायचं, दुसऱ्याने पुढून गरी टाकायची, मुलं बरोबर असतील तेव्हा तर नक्कीच.

धागाकर्ता:

बॅटरी आणि टाकी आधी हलवतो, माप परत घेऊन इथेच टाकतो. एकच शंका राहिली, कुजलेला दीड बाय दोनचा तुकडा बदलल्यावर कन्सोलचे स्क्रू परत तिथेच येणार, मग पाणी परत तिथूनच शिरणार ना?

प्रतिसाद, पुण्याहून:

नाही शिरणार, भोक नीट केलंत तर. स्क्रूच्या दुप्पट जाडीचं भोक पाडा, खालून टेप लावून ते घट्ट एपॉक्सीने पूर्ण भरा, नीट कडक होऊ द्या आणि मग त्या एपॉक्सीच्या मधोमध स्क्रूचं बारीक भोक घ्या. म्हणजे स्क्रूभोवती प्लाय येतच नाही, पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. वरून पॉलियुरेथेन सीलंट लावा, बाथरूमचं सिलिकॉन नको. ट्रान्समची भोकं वाढवायची वेळ आली तर तिथेही हेच, कापलेल्या कडेचं लाकूड उघडं ठेवू नका, आधी पातळ एपॉक्सी पाजा, ते शोषून घेईल, परत पाजा, आणि कड चकचकीत दिसायला लागली की मगच फिटिंग बसवा.