पोस्टेज जास्त वाटलं म्हणून सरळ एक तारा?

पानगळ
काल 'हिशेबी' यांनी इथे लिहिलेलं वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: त्यांनी एक जुनं पुस्तक १८० रुपयांना घेतलं, विक्रेत्याने पोस्टेज १४० लावलं, आणि पाकीट हातात आलं तेव्हा त्यावर टपालाचे ४१ रुपये होते. म्हणून त्यांनी विक्रेत्याला साइटवर पाचपैकी एक तारा दिला. इथवर ठीक. पण पुढे सगळ्यांना सल्ला दिलाय की 'असल्या विक्रेत्यांना डोळे मिटून एक तारा द्या, त्याशिवाय ही जमात सुधारणार नाही'.

तो विक्रेता मी नव्हे. पण मी त्याच जमातीतली आहे. पाच वर्षं घरून जुनी मराठी पुस्तकं विकते.

४१ रुपये हा फक्त टपालाचा आकडा झाला. परवाच मी एक कापडी बांधणीचं पुस्तक पाठवलं, कणा आधीच सैल. पाऊस म्हणून आधी प्लास्टिकची पिशवी, मग बबलचे दोन वेढे, मग वर-खाली पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे, कारण मार बसतो तो कोपऱ्यांना. मग ब्राऊन पेपर, मग टेप. पूर्वी किराणावाल्याकडे रिकामी खोकी फुकट मिळायची, आता तोही पैसे मागतो. पाऊण तास गेला. रिक्षा जाऊन-येऊन ८० रुपये, रांगेतला वेळ वेगळा. हे सगळं पोस्टेजमध्ये नाही धरायचं तर कशात धरायचं?

आणि ताऱ्याचं सांगते. मी नवीन साइटवर गेले तेव्हा पहिल्या सात जणांनी पाच-पाच तारे दिले. आठव्याने एक दिला. शेरा काय, तर 'पुस्तक उत्तम, पार्सल १९ दिवसांनी आलं'. कुरिअर साइटने ठरवलेला, त्यात माझा काडीचा हात नाही. पण सरासरी ५ वरून ४.५ वर आली ती माझी. मोठ्या दुकानदाराला हजारो शेऱ्यांत एक तारा जाणवतही नाही. माझ्यासारखीचा तो महिनाभराचा धंदा खातो. डोळे मिटून तारा द्या म्हणणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा.

हिशेबी
ताई, तुम्ही माझं नाव घेऊन लिहिलंय म्हणून सविस्तर लिहितो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात कुरिअर येतच नाही. पार्सल तालुक्याला येऊन पडतं, २२ किलोमीटरवर. म्हणजे पोस्टेज भरूनही पुस्तक आणायला मीच जातो. पुण्यात बसून रिक्षाचे ८० रुपये सांगता, माझं पेट्रोल कोण मोजणार?

तुमचं पॅकिंग चांगलं असेल, मला आलेलं पुस्तक वर्तमानपत्राच्या एका घडीत गुंडाळलेलं होतं आणि वरून सुतळी. पुठ्ठा नाही, बबल नाही. मुखपृष्ठाचा कोपरा दुमडून पांढरा पडलेला. मी विक्रेत्याला विचारलं, बाबा रे, ४१ चे १४० कसे झाले? उत्तर आलं, 'परवडत नसेल तर घेऊ नका.' आता सांगा किती तारे द्यायचे होते.

पानगळ
हे उत्तर आलं होतं तर काल का नाही लिहिलंत? काल फक्त ४१ आणि १४० होतं. सुतळीबद्दल एक अक्षर नव्हतं. अशा माणसाला मीही एक तारा दिला असता. पण तो त्या माणसाला. 'जमात' कशाला?

बाझीच्या काळापासून
मी बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटपासून ऑनलाइन खरेदी करतोय, २००४ साली ते ई-बेने घेतलं तेव्हाही होतो आणि २०१८ साली ई-बे इंडिया बंद झालं तेव्हाही. त्यामुळे पोस्टेजची ही रड माझ्यासाठी जुनी आहे.

विक्रेत्यांनीच हा अविश्वास पेरलाय, हे आधी मान्य करा. साइटचं कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर असायचं, म्हणून लोक वस्तू कवडीमोलाने लावायचे आणि सगळी कमाई शिपिंगमध्ये घालायचे. शेवटी २०११ साली ई-बेला अमेरिकेत कमिशन शिपिंगवरही लावावं लागलं. ग्राहकाला वेड लागलेलं नाही, त्याने हे भोगलंय.

आणि शेऱ्यांचं म्हणाल तर पूर्वी विक्रेताही ग्राहकाला वाईट शेरा देऊ शकायचा. मी एकदा फुटका लेन्स आला म्हणून निगेटिव्ह दिला, तासाभरात मला उलटा निगेटिव्ह: 'खोटारडा ग्राहक, सावध राहा'. मी पैसे पहिल्या दिवशी भरले होते! लोक या भीतीने खरं लिहीतच नसत. २००८ साली ई-बेने विक्रेत्यांचा तो अधिकार काढून घेतला, ते योग्यच केलं.

एक गोष्ट मात्र तेव्हाची बरी होती. २००७ पासून तारे वेगवेगळे देता यायचे: वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का, बोलणं कसं, पाठवायला वेळ किती, शिपिंगचे पैसे वाजवी का. आज सगळ्याला मिळून एकच तारा. तिथे पानगळताईंचं दुखणं खरं आहे.

देवगडकर
तुम्ही एकमेकांच्या उरावर बसलाय आणि मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. रजिस्टर्ड बुक पोस्ट! टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ती स्वस्त सेवा १८ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. ५ किलो पुस्तकं ८० रुपयांत देशात कुठेही जायची. त्या जिवावर छोटे प्रकाशक, जुन्या पुस्तकांचे विक्रेते, ग्रंथालयं जगत होती. ती काढली आणि आता विक्रेता-ग्राहक भांडतायत.

मी दिवाळी अंक जमवतो, चाळीस वर्षांचे आहेत. देवाणघेवाण सगळी बुक पोस्टाने चालायची.

टपालकाका
देवगडकर, अर्धवट माहिती देऊ नका. मी खात्यात ३४ वर्षं काढली. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठीच ज्ञान पोस्ट सुरू झालंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. ट्रॅकिंगही आहे. जमिनीमार्गे जातं म्हणून वेळ लागतो, पण जातं. हिशेबी गुरुजी, तुमच्या गावात कुरिअर येत नसेल, पोस्टमन येतो ना? तुमच्या पाकिटावर ४१ रुपये होते म्हणजे ते बहुतेक ज्ञान पोस्टच असणार. मग २२ किलोमीटर का गेलात?

हिशेबी
ते पोस्टाने घरी आलं. २२ किलोमीटर इतर वेळी जातो. दोन गोष्टी मी एकत्र लिहिल्या, चूक झाली. पण त्यामुळे १४० चे ४१ होत नाहीत.

देवगडकर
काका, ज्ञान पोस्ट मला माहीत आहे. नियम तुम्ही वाचलाय का? शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात. व्यावसायिक प्रकाशन किंवा जाहिराती असलेलं चालत नाही, पुस्तकांच्या यादीसारखी किरकोळ माहिती सोडून. आता दिवाळी अंक उघडा. मुखपृष्ठ उलटलं की सोन्याचा सराफ, पुढे बँक, मग मसाले, मलपृष्ठावर बिल्डर. जाहिरातींशिवाय निघालेला दिवाळी अंक क्वचितच दिसतो! म्हणजे मराठीत एवढं वाचलं जाणारं साहित्य नियमाने 'ज्ञान' नाही. ही चीड यायची गोष्ट नाही?

टपालकाका
चीड काढायला टपाल खातंच सापडतं सगळ्यांना. बुक पोस्टाच्या नावाखाली काय काय यायचं ते आम्ही पाहिलंय. साड्यांचे कॅटलॉग, औषधांची पत्रकं, एकदा तर पुस्तकाच्या आत पापड. सवलत पुस्तकांसाठी, मग कुठेतरी रेघ मारावी लागणारच. २००५ च्या पुरात मी गळ्याइतक्या पाण्यातून बॅग डोक्यावर घेऊन गेलोय, पहिलं काय सांभाळलं तर पुस्तकांची पाकिटं, भिजली की गेली म्हणून. आम्हाला पुस्तकांचं प्रेम शिकवू नका.

देवगडकर
तुमच्याबद्दल एक शब्द बोललो नाही, काका. नियमाबद्दल बोललो. रेघ मारा, पण दिवाळी अंक रेघेच्या आत घ्या, एवढंच. आणि ८० चे १०० अधिक कर झाले हे तरी मान्य कराल?

टपालकाका
ते झाले. आणि दिवाळी अंकासाठी वेगळी तरतूद हवी होती, हेही खरं. मी नोकरीत असतो तर वर लिहून पाठवलं असतं.

वाचनवेडी लातूर
मूळ विषयावर येऊ का? नियम आधीच आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि तिची फोड द्यायची, त्यात पोस्टेज आणि हाताळणीही येतं. नियमित धंदा न करता घरातली चार पुस्तकं विकणाऱ्याला तो लागू नाही, पण पानगळताई, पाच वर्षं विकताय म्हणजे तुम्हाला लागू होतो. पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर अचानक रक्कम वाढवणं हे तर ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत आहे. 'पोस्टेज १४०' असं एकच लिहिण्याऐवजी 'टपाल ४१, पॅकिंग ४०, ने-आण अमुक' लिहिलंत तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. मी स्वतः असं लिहिणाऱ्यांकडूनच घेते, ३० रुपये जास्त गेले तरी.

शेऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० : २०२२ आहे. पण ते ऐच्छिक. साइटने पाळलं तर पाळलं.

पानगळ
लातूरताई, बरोबर बोललात आणि मला ते लागलं. मी आजवर एकच आकडा लिहीत आले, कारण फोड लिहिली की लोक पॅकिंगवर घासाघीस करतात. 'ताई, बबल नको, १५ रुपये कमी करा.' बबल काढला आणि कणा तुटला तर तारा कुणाचा जाणार? माझाच. तरी आजपासून फोड लिहीन. रिक्षाचे पूर्ण ८० एका पुस्तकावर नाही घालणार, एका फेरीत चार-पाच पाकिटं जातात. हे मीही वर नीट सांगितलं नव्हतं.

हिशेबी, तुम्हीही एक करा. शेऱ्यात 'पोस्टेजमध्ये लूट' एवढंच लिहिलंय ते बदलून सुतळी, दुमडलेला कोपरा आणि त्याचं उत्तर लिहा. वाचणाऱ्याला कळू दे तारा कशाचा आहे.

हिशेबी
शेरा बदलतो. तारा एकच राहील. 'जमात' हा शब्द मागे घेतो, पण तुमच्या १९ दिवसांच्या ग्राहकालाही थोडं समजून घ्या. त्याच्याकडे दाबायला ते एकच बटण होतं. कुरिअर कुणी नेमला हे त्याला दिसतच नाही.

पानगळ
समजून घेतलं असतं, त्याने आधी एक फोन केला असता तर. पार्सल कुठे अडकलं ते मी शोधलं असतं. तुम्ही निदान विक्रेत्याला विचारलं तरी होतं.

देवगडकर
पानगळताई, ८३ ते ८७ चे दिवाळी अंक तुमच्या यादीत दिसतात. मला सगळे हवेत. पोस्टेजची फोड नको आणि कुरिअरही नको. पुण्याहून देवगडच्या एसटीने पार्सल टाका, मी स्टँडवर येऊन घेतो. पुठ्ठा मात्र दोन्ही बाजूंनी लावा, त्याचे जे होतील ते सांगा.